वाद न्यायालयात, खेळाडू मैदानात

आमखास मैदानावर संध्याकाळी फुटबॉल खेळणाऱ्या पोरांत एका बाजूला भिडू कमी पडला, तर समोरचा एखादा सरळ इकडे येऊन उभा राहतो. कुणाची परवानगी नाही, कुणाचा रुसवा नाही. धंदेवाईक फुटबॉलमध्ये असा संघ बदलायचा तर करार, भरपाई, महासंघाची मान्यता आणि प्रसंगी न्यायालय. हा गुंता महिनोन्महिने सुटत नाही, तेव्हा खेळाडूने वागावे कसे? २०२४ मध्ये अन्वर अलीच्या निमित्ताने हा प्रश्न आपल्याकडेही उभा राहिला.

पंजाबातल्या आदमपूरचा हा बचावपटू २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. कोल्हापूरचा अनिकेत जाधवही त्याच संघात होता. २०१९ मध्ये अन्वर मुंबई सिटीकडे असताना तपासणीत त्याच्या हृदयाच्या स्नायूंचा आजार आढळला. पुढच्या वर्षी महासंघाने त्याला सरावही करू नको, असे बजावले. आपल्या घरातला मुलगा असता तर आपण काय म्हटले असते? ‘बाबा रे, पुष्कळ झाले, आता नोकरी बघ.’ अन्वरने दिल्ली उच्च न्यायालय गाठले. २०२१ मध्ये तो दिल्ली एफसीकडून खेळू लागला, मग एफसी गोवा आणि मार्च २०२२ मध्ये थेट भारतीय संघ. त्याच जूनमध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला त्याने गोल केला.

खेळायला मिळावे म्हणून झगडलेल्या या मुलासाठी पुढे मोठे क्लब आपसांत झगडू लागले. दिल्ली एफसीने २०२३ मध्ये त्याला चार वर्षांच्या मुदतीने मोहन बागानकडे लोनवर दिले होते. वर्षभरातच, जुलै २०२४ मध्ये, अन्वरने तो करार मोडला आणि बागानचा पिढीजात प्रतिस्पर्धी असलेल्या ईस्ट बंगालची वाट धरली. चार वर्षांचा शब्द एका वर्षात मोडणे चांगले नाही, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. बागानचे समर्थक चिडले ते उगीच नव्हे.

पण सप्टेंबरच्या सुरुवातीला हैदराबादच्या आंतरखंडीय स्पर्धेसाठी निवडलेल्या भारतीय संघात अन्वर होता आणि बागानचा कर्णधार सुभाशिष बोसही होता. क्लब एकमेकांवर कागद फेकत होते, हे दोघे एकाच रंगाच्या जर्सीत होते. ९ तारखेला स्पर्धा संपली आणि १० तारखेला महासंघाच्या समितीचा निकाल आला : अन्वरवर चार महिन्यांची बंदी, त्याने व दोन्ही क्लबांनी मिळून बागानला १२ कोटी ९० लाख रुपये भरपाई द्यायची, शिवाय ईस्ट बंगाल आणि दिल्ली एफसी यांना दोन हंगामी खिडक्यांत नव्या खेळाडूंची नोंदणी बंद. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि १३ तारखेला महासंघाने स्वतःचाच आदेश मागे घेतला. पुन्हा सुनावणी घेऊ, म्हणाले. एवढी मोठी शिक्षा तीन दिवसही टिकली नाही. खेळाडूंकडून व्यावसायिक वृत्तीची अपेक्षा करणाऱ्यांनी आपले दप्तर कसे चालते, तेही एकदा पाहावे.

राजीनामा दिलेला माणूस महिनाभर फायली हळूहळू सरकवतो, हे आपण कचेऱ्यांतून पाहतो. फुटबॉलमध्ये त्याचे रूप म्हणजे अचानक दुखू लागलेला गुडघा. २०२५ मध्ये न्यूकॅसलच्या अलेक्झांडर इसाकने तेवढाही आडपडदा ठेवला नाही. खेळायचेच नाकारले आणि १ सप्टेंबरला लिव्हरपूल गाठले. याच क्लबात १९६० मध्ये जॉर्ज ईस्टहॅमही खेळायचा थांबला होता. कॉर्क विकून त्याने दिवस काढले. पण त्याचा करार संपला होता, तरी क्लब सोडत नव्हता. इसाकच्या कराराची तीन वर्षे शिल्लक होती. दोघांच्या हट्टात हा फरक आहे आणि आम्हाला तो फार मोठा वाटतो. १९६३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने ईस्टहॅमचे म्हणणे मान्य केले.

बेल्जियमच्या बॉसमनचाही करार १९९० मध्ये संपलेलाच होता. युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला १५ डिसेंबर १९९५ रोजी. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. पुढच्या पिढीच्या खेळाडूंना मोकळीक मिळाली, त्याची स्वतःची उमेदीची वर्षे तारखांत गेली. क्लब शंभर वर्षे जगतो, त्याला थांबणे परवडते. खेळाडूच्या हातात जेमतेम दहा-बारा हंगाम. त्यांतले अन्वरचे काही हृदयाच्या आजाराने आधीच नेले होते.

१९ ऑक्टोबर २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान समोरासमोर आले. निकाल बाकीच होता. अन्वर ईस्ट बंगालच्या बचावफळीत उभा होता आणि समोर त्याचे कालपरवापर्यंतचे सोबती. बागानने तो सामना २–० असा जिंकला.