मुलांच्या पुढ्यात न मागता काय येते?

हॉटेलात गेल्यावर मुलांनी काय खायचे ते आपण ठरवतो, असे आपल्याला वाटते. पण त्यातले बरेचसे दुकानदाराने अगोदरच ठरवून ठेवलेले असते. अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांचा या बाबतीतला अनुभव आपणही समजून घेण्यासारखा आहे.

तिकडे अनेक हॉटेलांत मुलांसाठी वेगळे जेवण मिळते. मॅकडोनाल्ड्स कंपनीने १९७९ साली ‘हॅपी मील’ आणले. एका डब्यात बर्गर, बटाट्याचे तळलेले काप, कोल्ड्रिंक आणि वर एक खेळणे. खेळण्यासाठी मूल हट्ट धरणार, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक. कामावरून थकून आलेल्या आईलाही कमी पैशांत मुलाचे पोट भरल्याचे समाधान. श्रीमंतांची मुलेही हे खातात. पण त्यांच्या घराजवळ ताज्या फळभाज्यांची चांगली दुकानेही असतात. गरिबांच्या वस्तीत मात्र अनेकदा तळलेले आणि गोड हाताशी, ताजे मात्र लांब. मग दोष एकट्या आईला का द्यायचा?

दक्षिण लॉस एंजेलिस हा कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कष्टकऱ्यांचा भाग. तिथे २००८ साली नगर परिषदेने फास्ट फूडची नवी स्वतंत्र दुकाने उघडण्यास बंदी घातली. पण रँड या संशोधन संस्थेने २०१५ साली पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्या भागातला लठ्ठपणा वाढतच गेल्याचे आढळले. जुनी दुकाने होती तशीच चालू होती आणि दुकानांच्या रांगेतल्या एखाद्या गाळ्यात नवे दुकान थाटायलाही मोकळीक होती.

सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१० साली दुसरा मार्ग धरला. मुलांच्या जेवणात ६०० पेक्षा जास्त कॅलरी असतील, मीठ-चरबी जास्त असेल किंवा फळे-भाजी नसेल, तर त्यासोबत फुकट खेळणे द्यायचे नाही, असा कायदा केला. डिसेंबर २०११ मध्ये तो लागू झाला, तेव्हा मॅकडोनाल्ड्सने खेळण्याला १० सेंट किंमत लावली. कायदा पाळला गेला आणि खेळणेही सुटले नाही!

पुढे कॅलिफोर्निया राज्याने साधीच गोष्ट केली. १ जानेवारी २०१९ पासून मुलांच्या जेवणासोबत न सांगता जे पेय येते, ते पाणी किंवा बिनसाखरेचे साधे दूधच असले पाहिजे, असा नियम आला. कोल्ड्रिंकवर बंदी नाही. हवे असेल तर मागून घ्यावे. यामागचे तत्त्व सोपे आहे. जे न मागता पुढे येते, तेच मूल पिते आणि त्याचीच सवय लागते. अमेरिकेतील हृदयरोग संघटनेने २०१६ साली सांगितले, की दोन वर्षांवरील मुलांच्या खाण्यापिण्यात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सहा चमच्यांपेक्षा कमी असावी. आणि ३०० मिलीलिटर कोलाच्या एका बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते. दिवसाची मर्यादा एका बाटलीतच ओलांडली.

तुम्ही म्हणाल, आपला याच्याशी काय संबंध? हीच कंपनी १९९६ साली दिल्ली आणि मुंबईत आली. आज अशी दुकाने लहान शहरांतही दिसतात. शाळेबाहेरच्या टपरीवर रंगीत पुड्यांच्या माळा लटकतात, त्यांतही खेळणे किंवा स्टिकर असते. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली नियम केला, की जास्त चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकू नयेत. नियम कागदावर आहे. तो पाळला जातो का, हे पालकसभेत मुख्याध्यापकांना विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. एकटीने विचारायला संकोच वाटत असेल, तर वस्तीतल्या चौघीजणींनी मिळून विचारावे.

पगाराच्या दिवशी मुलांना हॉटेलात जरूर न्या. तो त्यांचा आनंद आहे, तो हिरावू नका. पण बसल्याबरोबर आधी पाणी मागवा. मोठ्यांच्या थाळीतली पोळी, भाजी, वरण मुलाला वाढा. तळलेला पदार्थ एकच मागवा आणि सगळ्यांनी वाटून खा. कोल्ड्रिंकच्या एका छोट्या बाटलीच्या पैशांत दोन अंडी येतात किंवा मूठभर चणे-शेंगदाणे आणि एखादे केळे येते, हा हिशेब मुलांनाच करायला लावा. मुले हिशेबात हुशार असतात.

हॉटेलवाल्याची यादी आपल्याला बदलता येणार नाही. पण आपल्या घरात न मागता मुलाच्या पुढ्यात काय येते, ती यादी आपल्याच हातात आहे. तिची सुरुवात आजच्या संध्याकाळपासून करूया.