ऋणाची फेड सोडतीने होते काय?

पनवेलच्या बाजारपेठेतील एखाद्या दुकानदाराने आपल्या सर्व घेणेकऱ्यांस पेढीवर बोलावून, “चिठ्ठ्या टाकतो, ज्याचे नाव निघेल त्याचे पैसे चुकते करीन, इतरांनी वाट पाहावी,” असे सांगितले, तर त्याची पत संध्याकाळपर्यंत तरी टिकेल काय? परंतु नेमका हाच व्यवहार शासनाने मुंबईच्या वृद्ध गिरणी कामगारांशी चालविला असून त्यास ‘सोडत’ असे गोंडस नाव दिले आहे. ही गोष्ट दूरची आहे असे आमच्या वाचकांनी समजू नये. त्या सोडतीतील २,४१७ घरे आपल्या पनवेलनजीक कोन गावीच आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे असा घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या, आणि कोकणातील व देशावरील हजारो संसार गावाकडे परतले. ज्या सुमारे सहाशे एकर भूमीवर या लोकांनी आयुष्य झिजविले, ती पुढे सोन्याच्या मोलाची झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या भूमीचे तीन वाटे ठरविले होते : एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी व एक मालकासाठी. २००१ साली शासनाने फेरफार करून ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जागेपुरती आणली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेरफार वैध ठरविला. न्यायालयाचा निर्णय आम्हांस शिरोधार्य आहे. परंतु जे वैध ते सर्व न्याय्य असतेच असे नाही. सार्वजनिक वाटा आटला तो शासनाच्याच लेखणीने. मग कामगारास देण्यास मुंबईत जागा नाही, ही सबब शासनाच्या तोंडी शोभते काय?

घरांसाठी सुमारे पावणेदोन लक्ष अर्ज आले. त्या मानाने मिळालेली घरे अल्पच. कोनच्या घरांची सोडत २०१६ साली निघाली. मध्यंतरी करोनाच्या साथीत ती विलगीकरणासाठी वापरली गेली, आणि किल्ल्या हाती पडू लागल्या त्या २०२३ साली. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला तरुण आज सत्तरीच्या आसपास आहे. तरुणास सात वर्षे ही केवळ प्रतीक्षा. वृद्धास ती उरलेल्या आयुष्याची मोठी वजावट होय.

कोणी म्हणेल, संप कामगारांनी केला, फळही त्यांनीच भोगावे. संप चुकला असे घटकाभर मानले, तरी त्या चुकीची शिक्षा चाळीस वर्षे चालावी व भूमीच्या वाढत्या मोलाचा लाभ मात्र दुसऱ्याच्या पदरी पडावा, हा कोणता न्याय? अमेरिकेत ओहायो प्रांतातील यंग्जटाऊन या पोलादाच्या गावी १९ सप्टेंबर १९७७ रोजी एक मोठा कारखाना बंद झाल्याचे जाहीर झाले व सुमारे पाच हजार कामगारांची भाकर गेली. तेथेही गाव ओस पडले, म्हाताऱ्यांचे हाल झाले. परंतु भांडवलाचे माहेरघर मानलेल्या त्या देशानेही खासगी कारखान्यांतील निवृत्तिवेतनास हमी देणारी संस्था १९७४ सालीच कायद्याने स्थापिली होती. आपल्याकडे २०१४ साली किमान निवृत्तिवेतन ठरले ते मासिक एक हजार रुपये!

आमचे मागणे तीनच गोष्टींचे आहे. पात्र कामगारांची यादी वयानुक्रमे प्रसिद्ध करून, सत्तरी ओलांडलेल्यांस व विधवांस चिठ्ठीवाचून प्रथम घर द्यावे आणि इतरांसाठी निश्चित मुदत बांधावी. देखभालीचा आकार वृद्धाच्या तुटपुंज्या उत्पन्नाकडे पाहून ठरवावा. आणि कामगार निवर्तल्यास वारसाची नोंद एकाच कचेरीत, एकाच अर्जावर व्हावी.

पनवेलकरांचेही कर्तव्य आहेच. कोनला राहावयास येणारा म्हातारा हा उपरा नव्हे. त्याच्या मनीऑर्डरींवर कोकणातल्या कित्येक चुली पेटल्या, आणि ते पैसे आपल्यासारख्या बाजारपेठांतच खेळले. त्यास दवाखाना, वाहन व पाणी मिळते की नाही, हे आपण जागरूकपणे पाहिले पाहिजे. शासनास काळाची घाई नसेल. घेणेकऱ्यापाशी मात्र आता काळच थोडा उरला आहे.