सेन्सर बायपास? मग हात मागे!

आयटीआय, डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंगला असाल, तर लवकरच भोसरी, चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या एखाद्या शॉप फ्लोअरवर उभे राहाल. गळ्यात नवं आयकार्ड, समोर हायड्रॉलिक प्रेस. पास्कलचा नियम तुम्ही पेपरात लिहिलाय. इथे तो प्रत्यक्ष भेटतो. १० सेंटिमीटर व्यासाचं सिलिंडर आणि २०० बार दाब म्हणजे जवळपास १६ टनांचा जोर. भरलेल्या ट्रकएवढा! आणि डायमध्ये पत्रा आहे की बोटं, हे प्रेसला कळत नाही.

म्हणूनच अशा प्रेसला दोन बटणं देतात. दोन्ही हात बटणांवर, म्हणजेच डायच्या बाहेर. काही ठिकाणी लाइट कर्टन असतो. किरणांच्या त्या पडद्यात हात गेला की प्रेस थांबते. पण टार्गेटच्या घाईत कुणी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतं, कुणी सेन्सर बायपास करतं. ‘काही होत नाही रे, आम्ही रोज असंच करतो,’ हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. नवीन असल्यामुळे नाही म्हणायला जड जातं. खरा धोका तिथेच आहे.

आणखी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मशीन बंद केलं म्हणजे दाब संपला असं नाही. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, पाइपमध्ये तो अडकून राहू शकतो. दाब सोडल्याशिवाय आणि वरचा भाग टेकू देऊन अडकवल्याशिवाय खाली हात घालू नका. दुसरं, होजची गळती बोटाने चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उडालेलं तेल कातडीत घुसतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसं. पण आत हात सडू शकतो. ‘उद्या बघू’ न म्हणता लगेच हॉस्पिटल गाठा आणि प्रेशरचं तेल घुसलंय, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ प्रशिक्षणातल्या अपघाताच्या भरपाईची जबाबदारी मालकावर टाकतो. त्यामुळे आपला करार नोंदवलाय का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. पण भरपाईने बोट परत येत नाही.

सर्टिफिकेट अडेल, सुपरवायझर चिडेल, मित्र ‘घाबरट’ म्हणतील. म्हणू देत. ‘सर, आधी गार्ड लावा, मग चालवतो,’ एवढं बोलायला शिका. इंटर्नशिपमधला हा सगळ्यात मोठा धडा आहे.