गॅरेजमधली अमेरिका आणि दुरुस्तीचा हक्क

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी मोटारउद्योगाने आपल्या दोन गाजलेल्या गाड्यांना एकापाठोपाठ निरोप दिला. मिशिगनमधील लान्सिंगच्या कारखान्यातून १४ डिसेंबरला शेवटची शेव्हरोले कॅमेरो बाहेर पडली. त्यानंतर आठवडाभराच्या अंतराने कॅनडातील ब्रॅम्प्टन येथे डॉज चॅलेंजरचे उत्पादन थांबले. डॉजने पुढच्याच वर्षी चार्जर हे जुने नाव विजेवर चालणाऱ्या गाडीला दिले. व्ही-आठ इंजिनाची गर्जना ऐकत वाढलेल्या ग्राहकांनी तिचे थंडपणे स्वागत केले, आणि कंपनीने पेट्रोलवर चालणारी सहा सिलिंडरची आवृत्तीही आणली. मोठ्या इंजिनाच्या परंपरेत फोर्डची मस्टँग तेवढी तग धरून आहे.

कारखान्यांत ही परंपरा आटत असताना अमेरिकी घरांच्या मागील गॅरेजमध्ये मात्र ती जिवंत आहे. शनिवार-रविवारच्या सुट्टीत, कधी बाप-लेक मिळून तर कधी निवृत्त गृहस्थ एकटेच, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडी सुटी करतात आणि पुन्हा जोडतात. वरवर पाहता हा हौशी मंडळींचा विरंगुळा आहे. परंतु पर्यावरणाचे कायदे, आयातशुल्काचे राजकारण आणि विकत घेतलेल्या वस्तूवरील मालकीचा अर्थ हे आजच्या अमेरिकेतील तीन वादाचे प्रश्न नेमके याच गॅरेजमध्ये एकत्र येतात. म्हणून या छंदाकडे गंभीरपणे पाहायला हवे.

'मसल कार' या प्रकाराचा जन्मच मुळी नियमाला दिलेल्या बगलेतून झाला. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता. पाँटिअॅक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ सालच्या टेंपेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवले. दंडक नव्या मॉडेलसाठी होता, म्हणून त्यांनी ते 'जीटीओ' या नावाने केवळ जादा पर्याय म्हणून विकायला ठेवले. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गाड्या खपल्या. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळाव्यात फोर्डने मस्टँग सादर केली. महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी तेव्हा नुकती गाडी चालवण्याच्या वयात आली होती. स्वस्त पेट्रोल, रुंद महामार्ग आणि आईवडिलांच्या मदतीशिवायही परवडणारी वेगवान गाडी असा तो योग होता.

तो दहा वर्षेही टिकला नाही. तरुण चालकांच्या अपघातांमुळे विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते भरमसाट वाढवले. १९७० च्या अखेरीस स्वच्छ हवा कायदा आला. शिसेविरहित पेट्रोलची तयारी म्हणून इंजिनांमधील दाबाचे प्रमाण कमी करण्यात आले आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांच्या तेलबंदीने उरलीसुरली हौस संपवली. १९७० च्या शेव्हेल गाडीतील सर्वांत मोठ्या इंजिनाची शक्ती ४५० अश्वशक्ती सांगितली जाई. १९७५ सालच्या कॉर्व्हेटच्या मूळ इंजिनाची शक्ती अवघी १६५ अश्वशक्ती होती. मधल्या काळात शक्ती मोजण्याची पद्धत बदलली होती, हे लक्षात घेतले तरी घसरण डोळ्यांत भरणारी आहे. म्हणजे आज ज्या गाड्यांचा जीर्णोद्धार चालतो, त्या मोजक्या आठ-दहा वर्षांतल्या आहेत आणि त्यांची संख्या वाढणे शक्य नाही.

घरी असा जीर्णोद्धार करणे शक्य का होते, याचे उत्तर त्या गाड्यांच्या साधेपणात आहे. त्यांत संगणक नाही. इंधन कार्ब्युरेटरमधून येते आणि ठिणगी डिस्ट्रिब्युटरमधून मिळते. पाने, जॅक, साधा मीटर आणि कंपनीची जुनी दुरुस्ती पुस्तिका एवढ्या सामग्रीवर चिकाटीचा माणूस पुष्कळ मजल मारू शकतो. खरा शत्रू असतो गंज. जुन्या मस्टँगमध्ये समोरच्या काचेखालच्या पोकळीत पाणी साचून पत्रा आतून कुजतो आणि पाय ठेवण्याची जागा भिजू लागते, तेव्हा कुठे मालकाला पत्ता लागतो. मस्टँगला वेगळी चौकट नसते. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे कुजलेला भाग कापण्यापूर्वी सांगाड्याला आतून आधार दिला नाही, तर दारे पुन्हा नीट बसतच नाहीत. जीटीओ किंवा शेव्हेलला स्वतंत्र चौकट असल्याने बॉडी उचलून वेगळी करता येते. पण त्यासाठी जागा आणि मनुष्यबळ हवे. वेल्डिंग, लांबी भरणे, पॉलिशपेपरने घासणे आणि रंग या क्रमात महिने जातात. इंजिनाचे बोअरिंग बहुतेकांना बाहेरच्या कारखान्यातच करून घ्यावे लागते.

यात जिवाला धोकाही आहे. त्या काळच्या ब्रेकमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवणे म्हणजे फुफ्फुसाच्या कर्करोगाला निमंत्रण. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये क्रिसोटाइल अॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम केला. पण जुन्या गाड्यांत बसलेले भाग तसेच आहेत. दोन घटकांच्या आधुनिक रंगातील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि त्यापासून साधा मास्क पुरेसे संरक्षण देत नाही. रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १९९६ पासून बंद आहे. त्यामुळे जुन्या इंजिनात कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवाव्या लागतात. पेट्रोलमधील इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खाते. आजच्या इंजिन ऑइलमध्ये जस्ताचे संयुग कमी असल्याने जुन्या पद्धतीचा कॅमशाफ्ट लवकर झिजतो. जुनी वस्तू चालू ठेवायची, तर तिच्याभोवतीचे बदललेले जगही समजून घ्यावे लागते.

अर्थकारण तर हौशी माणसाच्या बाजूचे मुळीच नाही. रंगकाम, क्रोम, आतील सजावट आणि इंजिन यांचा खर्च जोडला, तर सर्वसाधारण गाडीच्या विक्रीतून तो क्वचितच वसूल होतो. स्वतःच्या श्रमाचे मोल शून्य धरले तरच हिशेब कसाबसा जुळतो. मोठी किंमत मिळते ती दुर्मीळ गाडीला, तीही मूळ इंजिन आणि सांगाड्याचे क्रमांक जुळत असतील तर. १९७१ ची हेमी 'कुडा', उघड्या टपाची, २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरला विकली गेली, कारण तशा गाड्या डझनभरही बनल्या नव्हत्या. याहून बोलके उदाहरण 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटातील मस्टँगचे. एका कुटुंबाने १९७४ मध्ये सहा हजार डॉलरला घेतलेली ही गाडी जानेवारी २०२० मध्ये लिलावात ३४ लाख डॉलरच्या बोलीला गेली. तिच्यावर गंजाचे डाग होते, रंग उडाला होता. कोणी तिला नवे रूप दिले नव्हते. जीर्णोद्धार आणि जतन यांतला फरक बाजाराने येथे स्वच्छ दाखवला. चकचकीत करण्याच्या भरात इतिहास पुसला जातो, ही खंत जुन्या मंदिरांच्या रंगरंगोटीबाबत आपल्याकडेही व्यक्त होत असते.

मग मूळ गाडी म्हणायचे तरी कशाला? आज पहिल्या पिढीच्या मस्टँग आणि कॅमेरोचे संपूर्ण सांगाडे नवे मिळतात. दारे, बॉनेट, तळाचे पत्रे यांपैकी बराच माल तैवानमध्ये तयार होतो. अमेरिकी अस्मितेचे हे प्रतीक आशियाई पत्र्यावर उभे आहे, हा विरोधाभास २०२५ मध्ये राजकीय प्रश्न झाला. ट्रम्प प्रशासनाने मार्चमध्ये पोलादावर २५ टक्के शुल्क लावले आणि जूनमध्ये ते ५० टक्क्यांवर नेले. मोटारींच्या सुट्या भागांवर मे महिन्यात २५ टक्के शुल्क आले. देशी कारखानदारी परत आणण्याच्या नावाने घेतलेल्या या निर्णयांचा भार, देशी कारखानदारीचा वारसा सांभाळणाऱ्या सामान्य माणसाच्या खिशावरही पडतो.

कायद्याचे डोळेही कधी कधी वारसा आणि चोरीचा माल यांत भेद करू शकत नाहीत. कॅन्सस राज्यात २०१७ मध्ये एका खरेदीदाराची १९५९ ची कॉर्व्हेट नोंदणीच्या तपासणीत जप्त झाली. जीर्णोद्धाराच्या वेळी क्रमांकाची पट्टी काढून पुन्हा लावली होती, एवढेच कारण होते. खरेदीदार निर्दोष असल्याचे मान्य होऊनही गाडी नष्ट करण्यापर्यंत प्रकरण गेले. २०२२ मध्ये राज्याने कायदाच बदलला आणि पुढच्या वर्षी गाडी मालकाला परत मिळाली. रंगकामासाठी क्रमांकाची पट्टी काढणे ही या क्षेत्रातील नेहमीची गोष्ट. तिला गुन्हा मानणाऱ्या नियमाला दुरुस्त व्हायला पाच वर्षे लागली.

प्रदूषणाचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. उत्प्रेरक यंत्रणा नसलेली जुनी गाडी दर मैलामागे आजच्या गाडीच्या अनेक पट विषारी वायू सोडते. छंदप्रेमींचा प्रतिवाद असा, की ती वर्षाकाठी फार थोडे अंतर धावते. कॅलिफोर्नियात १९७५ व त्याआधीच्या गाड्यांना धूर तपासणीतून सूट आहे. त्यापुढील, पण किमान ३५ वर्षे जुन्या आणि संग्राहक म्हणून विमा उतरवलेल्या गाड्यांनाही ती मिळावी, असे विधेयक २०२५ मध्ये आले. दूरचित्रवाणी कलावंत जे लेनो त्याच्या समर्थनार्थ उभे राहिले. सेनेटने ते मंजूर केले. पण ऑगस्टमध्ये असेंब्लीच्या समितीत ते अडले. दाट धुक्याने ग्रासलेल्या लॉस एंजल्सचा अनुभव असलेल्या राज्याने सावध राहावे, यात गैर काही नाही. मात्र धावणाऱ्या अंतरावर मर्यादा घालून सूट देणे, हा मधला मार्ग अजून पुरता तपासला गेलेला नाही.

तथापि या छंदावरचे खरे संकट भूतकाळातून येणारे नाही. आज रस्त्यावर असलेल्या गाडीचा जीर्णोद्धार २०६५ मध्ये कोणी करू शकेल काय, हा कळीचा प्रश्न आहे. आधुनिक गाडीचे इंजिन, ब्रेक, दारे, दिवे सारे सॉफ्टवेअरच्या हुकमात असतात. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. मालकाला स्वतःच्या गाडीतील सॉफ्टवेअरचे कुलूप दुरुस्तीसाठी उघडता यावे, याकरिता २०१५ मध्ये अमेरिकी संसद ग्रंथालयाच्या प्रमुखांना स्वामित्वहक्क कायद्यातून खास सूट द्यावी लागली. ती दर तीन वर्षांनी नव्याने मागावी लागते. गंजलेला पत्रा कापून नवा जोडता येतो. परंतु बंद पडलेल्या सर्व्हरचा आणि हरवलेल्या सांकेतिक किल्लीचा जीर्णोद्धार कोणत्या गॅरेजमध्ये करायचा? कार्ब्युरेटरचे रहस्य कंपनीने पुस्तिकेत छापले होते. आजच्या नियंत्रणप्रणालीचे रहस्य तिची मालमत्ता आहे.

भारतीय वाचकाला हा विषय वाटतो तितका परका नाही. डॉज हे नाव मुंबईने फार पूर्वी पाहिले आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्यांची जुळणी केली. त्याच कंपनीची पद्मिनी पुढे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी बनली आणि चॅलेंजरच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, टॅक्सी म्हणून रस्त्यावरून निवृत्त झाली. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील खासगी वाहनांसाठी 'व्हीए' ही स्वतंत्र नोंदणी आणली. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि नूतनीकरणाचे ५ हजार. दैनंदिन वापराला बंदी, प्रदर्शन व रॅलीला मुभा आणि सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार नको, अशा तिच्या अटी आहेत. अमेरिकेत सर्रास चालणारा नवा सांगाडा येथे बाद ठरेल. जतनाच्या बाजूने झुकणारी ही भूमिका तत्त्वतः योग्यच आहे. प्रश्न उरतो तो पन्नाशी गाठण्यापूर्वीच्या काळाचा. पंधरा वर्षांनंतर वाढते शुल्क आणि भंगार धोरणाचा रेटा सोसून गाडी तिथवर पोहोचणार कशी?

कॅन्ससमधील मॅकफर्सन महाविद्यालय मोटारींच्या जीर्णोद्धाराची पदवी देते. आपल्याकडे हे ज्ञान कुर्ला-भायखळ्याच्या गल्ल्यांतील मिस्त्रींच्या हातात आहे आणि त्यांच्याबरोबरच संपत चालले आहे. प्रत्येक जुनी गाडी वाचवावी, असे कोणी म्हणणार नाही. तिने हवेचे केलेले नुकसानही विसरता येणार नाही. परंतु विकत घेतलेली वस्तू उघडून पाहण्याचा, समजून घेण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार नागरिकाने सोडून दिला, तर तो मालक उरत नाही, केवळ भाडेकरू होतो. दुरुस्तीची माहिती किती वर्षे उपलब्ध ठेवायची, कंपनी बंद पडल्यास सॉफ्टवेअर कोणाच्या स्वाधीन करायचे, या अटी गाडी विकली जाण्यापूर्वीच कायद्याने ठरवाव्या लागतील. विजेवरील वाहनांना अनुदान देणाऱ्या सरकारांना ही अट घालण्याची संधी आजच आहे.