कुलूप दिसलं म्हणून वेबसाईट खरी ठरत नाही. सोलर पंपाचे पैसे भरण्याआधी पत्ता वाचा

सोलर पंपाच्या नावाने बनावट वेबसाईट काढून शेतकऱ्यांकडून पैसे उकळले जातात. पीएम-कुसुमबाबत केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वेळोवेळी तसे इशारे दिले आहेत. तरी लोक फसतात, आणि त्याला कारणं दोन आहेत.

पहिलं कारण म्हणजे योजनेत शेतकऱ्याला हिस्सा खरंच भरावा लागतो. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत तो सर्वसाधारण गटाला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के आहे. त्यामुळे साईटने पैसे मागितले तरी संशय येत नाही.

दुसरं कारण म्हणजे अर्धवट सल्ला. वर कुलूप दिसलं, पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू झाला की साईट सेफ, असं सगळीकडे सांगितलं जातं.

हे कुलूप येतं डिजिटल सर्टिफिकेटमुळे. सर्टिफिकेट देणारी संस्था बहुतेक वेळा एवढंच तपासते, की अर्ज करणाऱ्याच्या ताब्यात तो वेबपत्ता आहे का. ते पाहून मोबाईलचा ब्राउझर दोन गोष्टींची खात्री देतो. वर दिसतो त्याच पत्त्याशी तुम्ही जोडले आहात, आणि मधल्या वाटेत तुमचा ओटीपी किंवा आधार नंबर कुणी वाचू शकत नाही. पण पलीकडे बसलेला माणूस कोण, हे त्यात येत नाही. सातबाऱ्यावरून जमीन कुणाच्या नावावर ते कळतं, माणूस व्यवहाराला कसा ते कळत नाही. तसंच हे.

२०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था अशी सर्टिफिकेट फुकट देते. त्यामुळे छोट्या साईटची सोय झाली, तशी भामट्यांचीही झाली. आज बनावट साईटवरही कुलूप असतं. लोक कुलपाचा अर्थ 'भरवशाची साईट' असा घेतात, म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून कुलपाचं चिन्हच काढून टाकलं.

मग बघायचं काय? पत्त्यातल्या साईटच्या नावाचा शेवट. सुरुवातीला 'कुसुम', 'महा', 'पीएम' कुणीही लावू शकतं. पण शेवटचं 'गव्ह डॉट इन' सरकारी यंत्रणेलाच मिळतं. महाडीबीटीचा पत्ता 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'ने संपतो, पीएम-कुसुमचा 'एमएनआरई डॉट गव्ह डॉट इन'ने. महावितरणचा मात्र 'महाडिसकॉम डॉट इन' असा आहे. तो वीजबिलावर पाहून स्वतः टाईप करावा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून पैसे भरू नयेत.

बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने हाच मार्ग धरला. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी 'बँक डॉट इन'ने संपणाऱ्या पत्त्यावर यावं, असा आदेश तिने काढला होता. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो.

उलट प्रकारही घडतो. सर्टिफिकेटची मुदत संपली की खरी साईटही 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' असं दाखवते. अशा वेळी घाईने पुढे जाऊन माहिती भरू नये. दुसऱ्या दिवशी पाहावं.

म्हणजे ब्राउझरने 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' असा इशारा दिला तर थांबावं, आणि इशारा नसेल तरी पत्ता वाचावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.