शहराजवळचे गाव : स्वस्त गुंठा की मुलांचे भवितव्य?

पुणे शहरातील आमच्या समाजाची वस्ती आता सरकू लागली आहे. येरवडा, ताडीवाला रोड, भवानी पेठ, दांडेकर पूल या भागांत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्यांचीच तरुण मुले आज वाघोली, लोणीकंद, मांजरी, फुरसुंगी, नांदेड, खडकवासला या बाजूंना घर शोधत फिरताना दिसतात. कारण उघड आहे. दहा बाय दहाच्या खोलीत आईवडील, भाऊ-भावजय आणि दोन लहान मुले किती दिवस राहणार? शहरात भाडे परवडत नाही आणि विकत घेण्याची तर गोष्टच नको. मग कोणी तरी एजंट भेटतो. 'स्टेशनपासून अर्ध्या तासावर, मोकळी हवा, मुलांना खेळायला अंगण, गुंठा फक्त इतक्या लाखांत' असे सांगतो. रविवारी गाडीत बसवून प्लॉट दाखवतो आणि सोमवारी इसार घेतो. एका रविवारी आयुष्याचा निर्णय होतो.

या निर्णयाविषयी आम्हाला काही रोखठोक लिहायचे आहे. कारण लहान मुले घेऊन गाव बदलणे म्हणजे त्या मुलांचे बालपण कोठे जाणार, ती कोणाच्या शेजारी वाढणार, कोणते पाणी पिणार आणि कोणत्या शाळेत बसणार हे ठरवणे आहे. प्लॉट आवडला नाही तर विकता येतो. मुलाचे पाच ते पंधरा वय परत विकत घेता येत नाही.

प्रथम एक प्रश्न निकालात काढू. बाबासाहेबांनी आपल्याला शहराकडे जायला सांगितले, मग आपण उलटे गावाकडे का चाललो, असे काही जाणते कार्यकर्ते विचारतात. प्रश्न योग्य आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भारतीय खेड्याची जी चिरफाड केली, ती आजही प्रस्थापितांना झोंबते. खेडे हा लोकशाहीचा पाया आहे, या गोड गैरसमजाला त्यांनी त्या दिवशी सुरुंग लावला. परंतु त्यांचा विरोध माती, विहीर आणि झाडांना नव्हता. माणसाची जात जिथे त्याच्या घराची दिशा ठरवते, पाणवठा ठरवते आणि काम ठरवते, त्या व्यवस्थेला त्यांचा विरोध होता. म्हणून शहराजवळच्या गावात जावे की न जावे, याचे उत्तर नकाशावर नाही. ते त्या गावच्या वागणुकीत आहे. सात मजली इमारती उभ्या राहिल्या म्हणून गावाची जात जात नाही, आणि कौलारू घरे आहेत म्हणून प्रत्येक गाव माणुसकीला पारखे असते असेही नाही. तपासून घ्यावे लागते.

तपासायचे काय? सर्वात आधी पाणी.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन बारी सिंड्रोमची साथ आली. हातपाय लुळे पडणारा हा आजार. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि त्यांत लहान मुलेही होती. रुग्ण सर्वाधिक सापडले ते सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात. राष्ट्रीय विषाणू संस्थेने रुग्णांचे नमुने तपासले तेव्हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा कॅम्पायलोबॅक्टर हा जीवाणू आढळला. ही गावे कागदावर महापालिकेत होती. नांदेड, किरकटवाडी, वाघोली, मांजरी बुद्रुक यांसह २३ गावे ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आली. धायरी, फुरसुंगी, उरुळी देवाची यांसह ११ गावे त्याआधी २०१७ मध्येच आली होती. पालिकेचा कर आला, पण पालिकेचे शुद्ध केलेले पाणी सर्वांच्या नळाला आले नाही. जलशुद्धीकरण केंद्राशिवाय, विहिरीतले पाणी क्लोरीन टाकून घरोघर जात होते, हे साथीनंतर सगळ्या महाराष्ट्राला कळले.

आणि याबद्दल जाब कोणाला विचारायचा? गावे पालिकेत आली तेव्हा ग्रामपंचायती बरखास्त झाल्या. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. म्हणजे साडेचार वर्षे या २३ गावांतील माणसाला ना सरपंच होता, ना स्वतः निवडलेला नगरसेवक. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीने तर अनेक वर्षे शहराचा कचरा उरावर घेतला, त्यांच्या विहिरींचे पाणी नासले. पुढे त्यांना पालिकेत घेतले आणि २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद करून पालिकेबाहेरही काढले. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा पहिला प्रश्न विचारा : हे गाव आज कोणाच्या ताब्यात आहे? ग्रामपंचायत, नगरपरिषद की महापालिका? पाणी कोठून येते, किती दिवसांनी येते, उन्हाळ्यात टँकर लागतो का? ग्रामपंचायत असेल तर पाण्याच्या स्वच्छतेचे कार्ड कोणत्या रंगाचे मिळाले, हे ग्रामसेवकाला विचारा. लाल कार्ड म्हणजे धोका, पिवळे म्हणजे सुधारणा हवी, हिरवे म्हणजे ठीक. हे विचारायला वकील लागत नाही.

दुसरी गोष्ट शाळा. फाटकावर इंग्रजी नाव आणि दारात पिवळी बस दिसली की आपले पालक भुलतात. आम्ही म्हणतो, आधी जिल्हा परिषदेची शाळा पाहा. तिचा पट किती, शिक्षक किती, कितवीपर्यंत वर्ग आहेत? अनेक गावांत शाळा चौथीला नाही तर सातवीला संपते. मग आठवीतल्या मुलीने पाच किलोमीटर कोणत्या रस्त्याने जायचे? तिच्या शाळेच्या वेळी बस आहे का? मुलीचे शिक्षण बहुधा या एका प्रश्नावर अडते. २०२३ मध्ये सरकारने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा घाट घातला होता, हे विसरू नका. पट घसरलेली शाळा आज आहे, उद्या असेलच असे नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. गाव बदलणाऱ्या पालकांनी त्यातल्या तीन गोष्टी पाठ कराव्यात. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसरी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. जन्माचा दाखला नाही म्हणून कोणतीच शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही. खाजगी विनाअनुदानित शाळेत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांसाठी आहेत. या जागा पळवण्याचा प्रयत्न फेब्रुवारी २०२४ मध्ये झालाच. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला सूट, असा नियम सरकारने आणला. मुंबई उच्च न्यायालयाने तो १९ जुलै २०२४ रोजी रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्या निकालाला हात लावला नाही. परंतु या २५ टक्क्यांत अर्ज करायचा तर राहण्याचा पुरावा लागतो. घरमालक नोंदणीकृत भाडेकरार करून द्यायला तयार नसेल, तर ते स्वस्त भाडे मुलाच्या प्रवेशावर उठते. नीट हिशेब करा.

तिसरी गोष्ट आईचा दिवस. हा मुद्दा पुरुषमंडळी सोडून देतात. आपल्या कितीतरी भगिनी शहरात घरकाम, सफाई, रुग्णालयातील आयाचे काम करतात. घर वीस किलोमीटर लांब गेले की त्या पहाटे पाचला निघणार आणि रात्री आठला परतणार. मग तीन वर्षांच्या लेकराला कोण पाहणार? गावात अंगणवाडी आहे का, ती रोज उघडते का, मदतनीस आहे का, शेजारी आपले कोणी आहे का? आजी-आजोबा शहरातच राहणार असतील तर मोकळ्या हवेत वाढणारे ते मूल दिवसभर कुलूपबंद खोलीत वाढेल. अशा हवेचा काय उपयोग?

चौथी गोष्ट कागद. 'नोटरी करून देतो, सातबारावर नंतर नाव लागेल' असे म्हणणाऱ्याला तेथेच जय भीम घालून उठावे. शंभर रुपयांवरील स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखताशिवाय होत नाही, हा साधा कायदा आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा उतारा असतो, तो मालकीचा पुरावा नव्हे. बिनशेतीचा आदेश आहे का, लेआउट मंजूर आहे का, रस्ता नकाशात आहे की फक्त एजंटच्या तोंडात आहे, हे पाहा. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असे दिसले तर थांबाच. शहराभोवतीच्या गावांत अशा कित्येक जमिनी आपल्याच आज्या-पणज्यांच्या महार वतनाच्या आहेत. त्या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने खालसा झाली, जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंढव्यातील महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तो सर्वांनी वाचला आहे. बड्यांचे व्यवहार निस्तरायला बडे वकील असतात. दोन गुंठे घेणाऱ्या कामगाराची मात्र जन्माची कमाई जाते, आणि ज्याची जमीन लुबाडली गेली तोही बहुधा आपलाच बांधव असतो.

आता पाचवी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट. त्या गावात माणूस म्हणून जगता येते का? हे एजंट सांगणार नाही, सरपंचही सांगणार नाही. त्यासाठी एक खूण आम्ही सांगतो. गावात स्मशानभूमी किती आहेत ते विचारा. लहान मुले घेऊन राहायला जाताना स्मशान कशाला पाहायचे, असे कोणी म्हणेल. पण जे गाव मेल्यावरही माणसाला वेगळे ठेवते, ते जिवंतपणी आपल्या मुलाला शेजारी बसवील का? आणखी पाहा : डांबरी रस्ता कोठे संपतो, नळाची पाइपलाइन कोठवर येते, दिव्याचा शेवटचा खांब कोठे आहे? जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पाटी बदलली, पण 'भीमनगर'च्या अलीकडेच रस्ता संपत असेल तर गाव बदललेले नाही.

आणि एकटे जाऊ नका. २९ सप्टेंबर २००६ चे खैरलांजी आठवा. सुरेखाताई भोतमांगे आपली जमीन राखत होत्या, मुलांना शिकवत होत्या, हाच त्यांचा गुन्हा ठरला. गावात आपली घरे मोजकीच होती. अट्रॉसिटी कायदा १९८९ चा होता, तेव्हाही होता. २०१५ च्या दुरुस्तीने तो अधिक धारदार झाला. पाणवठा, स्मशान, रस्ता अडवणे आणि बहिष्कार टाकणे हे गुन्हे त्यात स्पष्ट आले. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदाही २०१७ पासून लागू आहे. परंतु कायदा घटनेनंतर धावतो. घटना होऊ नये म्हणून शेजार लागतो, संघटना लागते, विहार लागतो.

काही कुटुंबे यावर सोपा उपाय काढतात. घर भाड्याने मिळावे म्हणून आडनाव सांगताना अडखळतात, 'तुम्ही कोणापैकी?' या प्रश्नाला बगल देतात आणि बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत लावतात. त्यांची अडचण आम्ही समजू शकतो. घर नाकारले जाण्याचा अपमान थोडा नसतो. पण पोरे सगळे पाहत असतात. आईबाप स्वतःचे नाव हळू आवाजात सांगतात, हे ज्या मुलाने सहाव्या वर्षी पाहिले, तो वर्गात हात वर करायला कचरतो. अशा घराचे भाडे कमी असले तरी ते घर महाग आहे.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, इतके सगळे तपासायचे तर गरिबाने जायचे कोठे? शहर ढकलते आणि गाव घेत नाही! हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर एकट्या कुटुंबाकडे नाही. शहरातच परवडणारे घर मिळाले पाहिजे ही लढाई सोडून चालणार नाही. पण ती जिंकेपर्यंत ज्यांना जावे लागते, त्यांनी आंधळेपणाने जाऊ नये. सगळ्या कसोट्यांना उतरणारे गाव मिळणार नाही. आमच्या मते पाणी, शाळा आणि आपला शेजार या तीन गोष्टींवर तडजोड नको. अंगण लहान चालेल, प्लॉट नसला तर भाड्याचे घर चालेल. उलट पहिले एक वर्ष भाड्याने राहूनच पाहावे. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक १४ एप्रिल त्या गावात काढला की गाव कळते. जयंतीच्या मिरवणुकीला चावडीवरून वाट मिळते की नाही, हे पाहिल्यावरच इसाराला हात घालावा.

येथे आपल्या विहार समित्यांनी पुढे आले पाहिजे. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. कोणत्या गावात आपली किती घरे आहेत, पाणी कसे आहे, शाळा कितवीपर्यंत आहे, शेवटची बस किती वाजता, कोणत्या एजंटने कोणाला फसवले, हे त्यात लिहा. जे आधी गेले त्यांनी मागून येणाऱ्यांना सांगितले, तर चार कुटुंबे एकाच गावात जातील आणि एकटे कोणी पडणार नाही. गेल्यावर लगेच नमुना ८ भरून मतदार यादीत नाव हलवा. शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. तेथे आपल्या भगिनींनी बसावे. ग्रामसभेत जावे, प्रश्न विचारावा, आणि त्याची इतिवृत्तात नोंद झाली की नाही ते पाहावे. आजोबांचे जुने दाखले मात्र जपून न्या. मुलांच्या जातीच्या दाखल्याला मूळ गावचाच पुरावा लागतो, नव्या पत्त्याने तो बदलत नाही.

आपले आजोबा वेस ओलांडून शहरात आले ते मुलांना शिकवण्यासाठी. नातवंडांनी पुन्हा एखाद्या गावात पाऊल टाकायला हरकत नाही. पण ते पाऊल वेशीबाहेर नको, गावाच्या मध्यात, नळाच्या रांगेत आणि शाळेच्या पहिल्या बाकावर पडले पाहिजे. तशी जागा जे गाव देत नाही, तेथे गुंठा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

जय भीम!