वाचून झालं, तुम्ही घ्या

यंदाच्या अंकाची आखणी करताना लेखकांना आणि जुन्या वर्गणीदारांना पत्रं गेली, तेव्हा त्यांतून एक नेहमीचा प्रश्न मुद्दाम वगळला होता : वर्षभरातलं तुमचं सर्वांत आवडतं पुस्तक कोणतं? या प्रश्नाला येणारी उत्तरं आम्हाला आता पाठ झाली आहेत. माणूस जरा सावरून बसतो, आपल्याला शोभेल असं नाव आठवतो, आणि दोन जाडजूड कादंबऱ्या, एक अनुवाद, एक वैचारिक ग्रंथ अशी नीटनेटकी यादी हाती येते. तीत खोटं काही नसतं. पण लग्नाच्या फोटोसाठी मंडळींना उंचीप्रमाणे उभं करावं, तशी ती जमवलेली असते. म्हणून यंदा एवढंच विचारलं : गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत तुम्ही कुणाच्या हातात कोणतं पुस्तक ठेवलंत? का ठेवलंत? पुढे काय झालं?

उत्तरांचा सूरच बदलला. एका बाईंनी कळवलं की त्यांनी सुनेला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचायला दिली, सुनेनं ती माहेरी नेली, आणि आता विहीणबाईंचा फोन येतो तेव्हा नातवाच्या सर्दीपलीकडेही बोलायला काहीतरी असतं. एका एसटी वाहकानं मुक्कामी डेपोच्या विश्रांतिगृहात ‘बनगरवाडी’ ठेवून दिली. पुढच्या खेपेला गेला तर ती दुसऱ्याच चालकाच्या उशाशी. एका गृहस्थांनी मात्र एकाच ओळीत प्रकरण मिटवलं : ‘दिलं होतं, परत आलं नाही, आता देत नाही.’ हे उत्तरही आम्ही अंकात घेतलं आहे. त्यांच्या पाठीशी उभा राहणारा वाचकवर्ग मोठा असणार, याची खात्री आहे.

या सगळ्या पत्रांतून एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. एकमेकांना दिलेल्या पुस्तकांत या वर्षी निघालेली पुस्तकं फारच थोडी होती. नवेपणाची घाई प्रकाशकाला असते, समीक्षकाला असते, आम्हा संपादकांनाही असते. वाचकाचं वर्ष मात्र निराळ्या कारणांनी पुढे सरकतं. घरात आजारपण येतं, मुलगी परगावी शिकायला जाते, वाचनालयातलं एखादं कपाट आवरलं जातं, एखादा लेखक जातो. आणि त्या निमित्तानं जुनं पुस्तक पुन्हा हाताशी येतं.

लेखक जाण्याची निमित्तं तर यंदा एकापाठोपाठ एक आली. फेब्रुवारीत रा. रं. बोराडे गेले. ‘पाचोळा’ १९७१ सालची. गंगाराम शिंप्याची फरफट त्याच्या बायकोच्या, पारबतीच्या तोंडून सांगणारी ही लहानशी कादंबरी. मराठवाड्याच्या बोलीत सबंध कादंबरी पेलता येते, आणि ती बोली बोलणाऱ्या बाईचं दुःख सांगायला मध्ये कुणी शहाणा निवेदक लागत नाही, हे तिनं दाखवून दिलं. आमच्याकडच्या पत्रांत ‘पाचोळा’ आली आहे ती बहुतेक ठिकाणी कुणीतरी कुणालातरी मोठ्यानं वाचून दाखवलेली म्हणून. त्या गद्याला कानाची ओढ आहेच. पारबती लिहीत नाही, बोलते. आणि बोलणाऱ्या बाईपुढे ऐकणारं माणूस हवंच.

२० मे रोजी जयंत नारळीकर गेले. त्यांच्या आठवणी निघाल्या तेव्हा १९७४ सालची ती हकिगत पुन्हा घरोघर सांगितली गेली. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून ते नाव बेतलेलं. आणि हस्ताक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातानं उतरवलेली. परीक्षकांनी जगतापांना पहिलं बक्षीस दिलं. खगोलशास्त्रज्ञ म्हणून जगभर मान मिळालेल्या माणसाला मराठी कथाकार म्हणून मात्र वशिल्याशिवाय पास व्हायचं होतं! नारळीकर गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत ‘यक्षांची देणगी’ आणि ‘आकाशाशी जडले नाते’ शाळकरी मुलांच्या हाती गेल्याचं किती तरी पत्रांत आहे. देणारे बहुधा मामा, काका किंवा निवृत्त शिक्षक. आणि प्रत त्यांच्या स्वतःच्या शाळेच्या दिवसांतली, कडेनं पिवळी पडलेली.

पुढे महिनाही झाला नाही तोच, १८ जूनला, सोलापुरात मारुती चितमपल्ली गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. वनखात्यातली नोकरी आयुष्यभर करता करता त्यांनी झाडांची, पाखरांची, जनावरांची आणि आदिवासींच्या तोंडच्या नावांची जी जमवाजमव केली, ती त्यांच्या कोशांत आणि ‘रानवाटा’सारख्या ललित लेखनात उतरली. त्यांची पुस्तकं कुणी कुणाला दिली, याची यादी पाहून आम्ही चकित झालो. साहित्यिक मंडळींपेक्षा ती गेली आहेत वनरक्षकाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांकडे, गच्चीत पाण्याचं भांडं ठेवणाऱ्या आजोबांकडे, ट्रेकहून परतलेल्या कॉलेजच्या पोरींकडे. पुस्तक योग्य माणसापर्यंत नेण्यात वाचकांची नजर आमच्या परिचयसदरांपेक्षा तीक्ष्ण असते, हे कबूल करायला हवं.

शेजारच्या घरातही याच वर्षी मोठी हालचाल झाली. नारळीकर गेले त्याच २० मेच्या रात्री लंडनमध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना, दीपा भास्ती यांनी इंग्रजीत नेलेल्या ‘हार्ट लँप’ला, आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. कथासंग्रहाला हा मान प्रथमच मिळाला. मग सप्टेंबरमध्ये एस. एल. भैरप्पा गेले. भैरप्पांना परका लेखक म्हणताना मराठी वाचकाची जीभ अडखळते. ‘पर्व’ आपल्याकडे इतक्या घरांत आहे की तो मुळात कन्नड ग्रंथ आहे हे लक्षात ठेवावं लागतं. याचं श्रेय उमाताई कुलकर्णींचं. त्यांच्या कामाची पद्धत मराठी वाचकांना ठाऊक आहे : पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवायचे, आणि उमाताई ते ऐकत ऐकत मराठीत उतरवायच्या. एका घरात नवऱ्यानं बायकोला पुस्तक वाचून दाखवलं, आणि त्यातून पिढ्यांना पुरेल एवढं वाचन महाराष्ट्राला मिळालं. पुस्तक दुसऱ्याला देण्याचं याहून मोठं उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

ही देवघेव दर वेळी घरातच होते असं नाही. तिला व्यवस्थाही लागते, आणि ती आपल्याकडे जुनी आहे. फक्त मराठी ग्रंथ जमवायचे या निश्चयानं १८९३ साली ठाण्यात आणि १८९८ साली मुंबईत ग्रंथसंग्रहालयं उभी राहिली. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, आणि लवकरच घराघरांत एकेका अंकाचे अनेक वाचक झाले. आजही दिवाळीत वाचनालयं अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात. चारच अंक विकत घेणारं घर त्या वर्गणीत संक्रांतीपर्यंत चाळीस अंक वाचून काढतं. दिवाळी अंकाचं अर्थकारण विकत घेणाऱ्यावर आणि जाहिरातींवर चालतं, पण त्याचा मान टिकला आहे तो या फिरत्या प्रतींवर. खपाचा आकडा छापखान्याला कळतो. वाचकांचा खरा अंदाज वाचनालयात अंक बदलायला येणाऱ्यांच्या गर्दीवरूनच येतो.

गेल्या काही वर्षांत या व्यवस्थेला नव्या फांद्या फुटल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं : शंभर पुस्तकांची एक पेटी, तिच्याभोवती जमलेला वाचकांचा गट, आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. या पेट्या तुरुंगातही पोहोचल्या आणि समुद्रापारच्या मराठी वस्त्यांतही. पाचगणीजवळच्या भिलारला २०१७च्या मे महिन्यापासून घराघरांत, देवळात पुस्तकं मांडलेली आहेत. स्ट्रॉबेरी घ्यायला थांबलेला माणूस तास-दोन तास वाचत बसतो. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुढाकारानं पुस्तक आदानप्रदान सोहळा भरतो : आपलं एक द्यायचं, दुसऱ्याचं एक घ्यायचं. या तिन्ही ठिकाणी मोठी इमारत नाही की मोठा बडेजाव नाही. पुस्तक कपाटात अडकू नये, एवढीच काळजी घेतलेली आहे.

इथे एका देवघेवीबद्दल मात्र कडू बोलावं लागेल. या वर्षी आलेल्या पत्रांत काहींनी अभिमानानं लिहिलं की आपण शेकडो मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फायली व्हॉट्सअॅपवर ‘शेअर’ केल्या. हेतू चांगला असेल. परदेशातल्या भाच्याला मराठी वाचायला मिळावं, एवढाच असेल. पण मराठीतल्या बहुतेक नव्या पुस्तकाची आवृत्ती पाचशे किंवा हजार प्रतींची असते. हजारांतल्या दोनशे प्रतींचा खप थांबला की दुसरी आवृत्ती निघत नाही, आणि पुढच्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशक लेखकालाच ‘किती प्रती उचलाल?’ असं विचारतो. वाचनालयातली प्रत शंभर जण वाचतात तेव्हा ती एकदा तरी विकत घेतलेली असते. दुसरं असं, की शंभर फायली पाठवणाऱ्यानं त्यांतली एकही त्या माणसासाठी निवडलेली नसते. घेणाराही त्या उघडत नाही. फोनची जागा भरली की पुसून टाकतो. लेखक जिवंत आहे, पुस्तक बाजारात आहे, तर भाच्यासाठी एक प्रत विकत घ्यावी. ई-पुस्तकं आता रीतसर मिळतात, परदेशीही मिळतात.

निवडणं हाच या व्यवहाराचा गाभा आहे. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ साली मांडणारे शि. रा. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे त्यांनी प्रमेयासारखं सांगितलं. व्यवहारात हे गणित सोडवतो तो जुना ग्रंथपाल. गिऱ्हाइकाचं तोंड पाहून ‘हे आज नको, पुढच्या आठवड्यात न्या’ म्हणणारी ती माणसं आता कमी झाली आहेत; अनुदान अपुरं, पगार तुटपुंजे, नव्या माणसाला तिथे टिकावं असं वाटण्याजोगं फारसं काही नाही. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळून ऑक्टोबरमध्ये वर्ष झालं. संशोधन, जुन्या पोथ्या, विद्यापीठं यांच्या वाट्याला त्यातून जे यायचं ते येवो. पण तालुक्याच्या वाचनालयातल्या ग्रंथपालाला पुरेसा पगार वेळेवर मिळणं, हे भाषेचं काम आम्हाला कुठल्याही समारंभाइतकंच मोठं वाटतं.

तोवर ही निवड तुम्हा-आम्हालाच करायची आहे, आणि आलेल्या पत्रांतून तिचं थोडं शहाणपण हाती लागलं. पुस्तक देताना ‘वाचलंच पाहिजे’ म्हणणाऱ्यांची पुस्तकं बहुधा न वाचता परत आली. ‘मला हे पान आवडलं’ म्हणून खूण घालून दिलेली वाचली गेली. दिल्यावर आठवड्यानं ‘कुठवर आलं?’ असं विचारलं की वाचणारा तिथेच थांबतो. आणि आपल्याला बदलून टाकणारं पुस्तक दुसऱ्याला कंटाळवाणं वाटलं, तर ते सहन करता यायला हवं. एका वाचकानं मित्राला ‘रणांगण’ दिली. मित्रानं ती परत करताना ‘एक होता कार्व्हर’ हाती ठेवलं आणि ‘तू जरा हसत जा’ असं सुनावलं. दोघांचीही मैत्री शाबूत आहे.

या अंकाचा पहिला विभाग अशाच देवघेवीच्या हकिगतींचा आहे. पुढे नेहमीप्रमाणे कथा, कविता, दोन दीर्घ लेख आणि व्यंगचित्रं आहेत. कन्नड, हिंदी आणि कोकणीतून थेट मराठीत आणलेलं लेखन यंदा थोडं अधिक घेतलं आहे. शेजाऱ्यांची ओळख बुकर मिळेपर्यंत लांबणीवर टाकू नये, असं मेमध्येच ठरवलं होतं. राशिभविष्य यंदाही नाही. ज्यांना ते हवं असतं त्यांनी ते शेजाऱ्याच्या अंकातून वाचावं. देवघेवीचा तोही एक प्रकार.

लेखक-कवी, चित्रकार, अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करणारे सहकारी, छापखान्यातली रात्रपाळी, जाहिरातदार, विक्रेते आणि वाचनालयं या सगळ्यांचे मनापासून आभार. कागदाचे भाव चढत असताना यांतल्या अनेकांनी आपली बिलं उशिरा घ्यायचं मान्य केलं, म्हणून हा अंक धनत्रयोदशीपूर्वी तुमच्या हाती आहे.

आता एक विनंती, आणि तीत थोडा स्वार्थही आहे. अंक वाचून झाला की तो कुणालातरी द्या. कुणाला काय आवडेल हे पाहून, त्या पानाला खूण घालून द्या. आणि अंक जपून ठेवावासा वाटला, तर संकोच करू नका. दुसरी प्रत विकत घ्या.

शुभ दीपावली!

— संपादक